टस्कनीत सहा रात्री आणि बारा गावांची यादी

प्रश्न, थोडक्यात: पत्र नाशिकच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेचं आहे. मुलगा-सून म्युनिकला असतात. सप्टेंबरअखेर चौघं मिळून इटलीतल्या टस्कनी भागात सहा रात्रींसाठी जाणार आहेत. यजमान मूळचे कोल्हापूरचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी वहीत बारा ठिकाणं क्रमाने लिहून ठेवली आहेत. फ्लॉरेन्स, पिसा, लुक्का, सिएना, सान जिमिन्यानो यांपासून सुरू होऊन यादी चिंक्वे तेर्रे आणि व्हेनिसपर्यंत जाते. मुलाचं म्हणणं, शेतावरचं एक घर घ्यायचं, पहिल्या दिवसापासून भाड्याची गाडी ठेवायची आणि निवांत राहायचं. 'एवढे पैसे घालून जायचं आणि शेतात बसायचं? नाशिकला काय शेतं नाहीत?' हा यजमानांचा सवाल. 'बाबांची यादी म्हणजे मार्चएंडचं टार्गेट' हे मुलाचं उत्तर. यजमानांचे गुडघे दुखतात. पती-पत्नी शाकाहारी आहेत. या दोघांत मध्यस्थी कशी करावी, असं बाईंनी विचारलं आहे. पत्राच्या तळाशी, सहीच्या वर, एक ओळ आहे: 'मला स्वतःला फ्लॉरेन्समधली चित्रं बघायची होती, पण माझ्या एकटीसाठी सगळ्यांना कुठे ताटकळत ठेवू!'

उत्तर:

ताई, तुमच्या मुख्य प्रश्नाआधी ही तळाची ओळ घेते. तुम्ही ती सहज जाता जाता लिहिली आहे, पण अख्ख्या पत्रात तुमची म्हणून तेवढी एकच ओळ आहे. बाकी सगळं 'हे म्हणतात' आणि 'मुलगा म्हणतो'.

तुम्ही नोकरीभर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना फळ्यावर क्षितिजरेषा काढून दाखवली असणार, तिच्यावर एक बिंदू दिला असणार, आणि सगळ्या रेषा त्या बिंदूकडे नेऊन रस्ता, झाडं, विजेचे खांब लहान लहान होत कसे जातात ते शिकवलं असणार. हे गणित युरोपात पहिल्यांदा मांडून दाखवलं गेलं ते फ्लॉरेन्समध्ये, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला. ब्रुनेलेस्की नावाच्या माणसाने कॅथीड्रलसमोरच्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहाचं चित्र काढून ते सिद्ध केलं. ते चित्र आज नाही, पण इमारत आहे, आणि तो जिथे उभा राहिला ती जागाही आहे. थोड्याच वर्षांत, १४२७च्या सुमारास, मासाच्चो या विशीतल्या पोराने तेच तंत्र वापरून एका चर्चच्या सपाट भिंतीवर अशी कमान रंगवली की भिंत फोडून आत खोली काढली आहे असं वाटावं. हे चर्च म्हणजे सांता मारिया नोवेल्ला. फ्लॉरेन्सच्या मुख्य रेल्वे स्टेशनसमोरच आहे. बाकीचे तिघं बॅगा मोजेपर्यंत तुम्ही रस्ता ओलांडून तिथे पोचलेल्या असाल.

आणि तुम्ही विचारताय, मध्यस्थी कशी करू. माझा उलट प्रश्न आहे: या सहलीत मध्यस्थाची जागा निघालीच कशी, आणि ती तुमच्याकडेच का आली? माणसं चार आहेत, मतं दोनच नोंदवली गेली आहेत. सूनबाईंना काय हवं आहे, याचा तुमच्या पत्रात एका शब्दानेही उल्लेख नाही. कदाचित त्यांनाही कोणी विचारलं नसेल. (किंवा त्यांनीच सगळी बुकिंगं करायची आहेत आणि त्या वाट बघताहेत की या तिघांचं एकदाचं ठरू दे. तेही होतं.)

या सगळ्या वादाच्या तळाशी मला एक गृहीतक दिसतं: चौघांनी सगळं एकत्रच पाहायचं. एकदा हे गृहीत धरलं की मग यादी तरी जिंकणार किंवा शेत तरी. ते काढून टाका, अर्धं भांडण तिथेच मिटेल. दिवसा दोन-दोन जण आपापल्या वाटेने गेले आणि संध्याकाळी जेवायला एका टेबलाशी आले, तर ती कौटुंबिक सहल नव्हती असं कोण म्हणेल? उलट जेवताना बोलायला काहीतरी असतं. दिवसभर चौघांनी तेच तेच पाहिलेलं असलं की रात्री बिलाबद्दलच बोलणं होतं.

तुमच्या यजमानांबद्दल मात्र थोडं बोलायला हवं, कारण मुलाच्या शेऱ्यात त्यांच्यावर जरा अन्याय होतो आहे. साठी ओलांडलेला माणूस बारा गावांची यादी करतो तेव्हा त्यात पैसे वसूल करण्याचा भाग थोडा असतो; जास्त असते ती धास्ती, की आपलं पुन्हा इकडे येणं होणार नाही. मुलगा म्युनिकला राहतो. त्याच्यासाठी इटली म्हणजे लांबलेला शनिवार-रविवार. राहिलं ते पुढच्या वेळी, असं तो सहज म्हणू शकतो. बाबांकडे ते 'पुढच्या वेळी' नाही. हे मुलाला कोणीतरी सांगायला हवं, आणि ते बाबांनी स्वतः सांगितलं तर उत्तम. तुम्ही सांगू नका. तुम्ही सांगितलंत की परत मध्यस्थ झालात.

तरी यादीला कात्री लागायलाच हवी, आणि ती भूगोलाने लावू. व्हेनिस टस्कनीत नाही; फ्लॉरेन्सहून वेगवान आगगाडीनेही जायलाच दोन तासांच्या वर लागतात आणि यायला तेवढेच. चिंक्वे तेर्रेही टस्कनीत नाही, शेजारच्या लिगुरियात आहे. समुद्रकड्यावरची ती पाच गावं म्हणजे जिने, चढ आणि पुन्हा जिने. दुखऱ्या गुडघ्यांनी तिथे जायचं म्हणजे स्टेशनजवळच्या बाकावर बसून इतरांची वाट बघायची. ही दोन नावं काढली की दोन पूर्ण दिवस हातात येतात. कामात शिस्तीच्या माणसाला हा हिशेब पटतो. 'आराम करूया' असं म्हटलेलं पटत नाही.

सहा रात्रींचे मी तीन आणि तीन असे दोन भाग करीन. आधी तीन रात्री फ्लॉरेन्स, गाडीशिवाय. मग तीन रात्री सिएनाच्या दक्षिणेला शेतावरच्या घरात, गाडीसह. रोज नवं हॉटेल घेऊ नका; प्रत्येक सामान-बदलात अर्धा दिवस जातो, आणि तो कोणाच्याच यादीत लिहिलेला नसतो.

गाडी पहिल्या दिवसापासून घेण्याचा मुलाचा बेत मी ठामपणे मोडीन. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात, आणि सिएना, पिसा, लुक्का इथेही, बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले विभाग आहेत. तिथे झेडटीएल अशी पाटी असते आणि कॅमेरा नंबर टिपतो. शिट्टी वाजत नाही, कोणी अडवत नाही. काही महिन्यांनी घरी दंडाचं पत्र येतं, आणि गाडी भाड्याने देणारी कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवल्याबद्दल वेगळे पैसे कापते. एकाच दिवशी तीन वेळा पाटी ओलांडली तर दंडही तीन होऊ शकतात. गाडी फ्लॉरेन्स सोडायच्या दिवशी सकाळी घ्या, शक्यतो विमानतळावरून, म्हणजे जुन्या शहरात शिरायलाच नको. मुलाकडे जर्मन लायसन्स असेल तर प्रश्न नाही. पण हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे भारतीय लायसन्स आहे, त्यांनी निघण्याआधी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. इटलीत लायसन्सबरोबर तोही लागतो. आणि बुकिंग करताना 'ऑटोमॅटिक' असं मुद्दाम निवडावं, कारण तिथे हाताने गिअर टाकायच्या गाड्या सर्रास मिळतात, आणि उजव्या बाजूने गाडी चालवताना उजव्या हाताने गिअर शोधणं हा घाटात करायचा प्रयोग नव्हे. चौघांच्या चार बॅगा असतील तर डिकीचा आकारही आधी पाहा.

आता फ्लॉरेन्स. इथे मी तुमच्या बाजूने पक्षपात करणार आहे.

उफीझी गॅलरीला अर्धा दिवस द्या, पूर्ण नको. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या पहिल्या कोसिमोने १५६० मध्ये वासारीकडून बांधायला घेतलेली ही मूळची सरकारी कचेऱ्यांची इमारत, हे यजमानांना आवर्जून सांगा. बोत्तिचेल्लीचं व्हीनसचं चित्र आणि 'वसंत' दोन्ही तिथे आहेत. पुस्तकात तळहाताएवढं पाहिलेलं चित्र भिंतभर समोर आलं की पहिली काही मिनिटं नुसता आकाराचा अंदाज घेण्यात जातात, ती जाऊ द्या. लिओनार्दोच्या उमेदीच्या काळातलं एक मोठं चित्र तिथे आहे, काराव्हाज्जोने ढालीवर रंगवलेली मेडुसा आहे, आर्तेमिसिया जेंतिलेस्कीचं होलोफर्नीस या सेनापतीच्या वधाचं चित्र आहे. सतराव्या शतकात एका बाईने असा मनगटाचा जोर चितारला आहे, की तो बघून शेजारच्या खोलीतली गोडगोड चित्रं काही वेळ नकोशी होतात.

हे सगळं फ्लॉरेन्समध्येच राहिलं ते एका बाईमुळे. मेदिची घराण्याची शेवटची वारस आना मारिया लुइझा. राज्य दुसऱ्या घराण्याकडे जाणार हे दिसल्यावर १७३७ मध्ये तिने करार करून घेतला की घराण्याचा संग्रह त्यांना मिळेल, पण त्यातली एकही वस्तू शहराबाहेर न्यायची नाही. तो करार नसता तर आज हा संग्रह युरोपभर विखुरलेला असता.

डेव्हिडचा प्रसिद्ध पुतळा अकादेमिया या संग्रहालयात आहे. पाच मीटरहून उंच. १५०१ ते १५०४ या काळात मायकेलअँजेलोने तो घडवला, तोही आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट सोडलेल्या दगडातून. चौकात उघड्यावर उभा आहे ती प्रत. मूळ पुतळा १८७३ मध्ये आत हलवला. सगळी गर्दी थेट त्याच्याकडे धावते. तुम्ही मात्र त्याच्यापर्यंत नेणाऱ्या दालनात थांबा. दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचे अपुरे राहिलेले 'कैदी' आहेत, एका पोपच्या समाधीसाठी सुरू केलेले. कुणाचा खांदा बाहेर आलाय, डोकं अजून दगडातच आहे. छिन्नीचे ओरखडे स्पष्ट दिसतात. ज्यांनी मुलांना काम करताना पाहिलंय, त्यांना पूर्ण झालेल्या पुतळ्यापेक्षा हे जास्त बोलके वाटतात, असं मला वाटतं.

आणि गर्दीचा वीट आलाच तर अकादेमियापासून चालत पाच मिनिटांवर सान मार्को मठ आहे. फ्रा अँजेलिको नावाच्या साधूने १४४०च्या आसपास तिथल्या भिक्षूंच्या एकेका खोलीत एकेक भित्तिचित्र काढलं. खोली लहान, एक खिडकी, एक चित्र. बस. बहुतेक टूरवाले इथे येत नाहीत. याच्या वेळा मात्र आधी बघा, दुपारी लवकर बंद होण्याची त्यांची सवय आहे.

यजमान 'फ्लॉरेन्समध्ये चर्च आणि चित्रं सोडून काय आहे' असं म्हणाले तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, कॅथीड्रलचा घुमट. ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, म्हणून चढायचा विचारही नको. पण खालून बघायला पैसे पडत नाहीत. १४३६ मध्ये पूर्ण झालेला हा विटांचा घुमट ब्रुनेलेस्कीनेच, जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, बांधत नेला. आपल्या विजापूरच्या गोलघुमटाहून दोनशे वीस वर्षं आधीचा, आणि व्यासाला साधारण तेवढाच. संध्याकाळी नदीपलीकडच्या पियाझ्झाले मिकेलांजेलो या टेकडीवर सिटी बसने जा. तिथून तो घुमट पायऱ्या न चढता दिसतो.

दुसरी गोष्ट कोल्हापूरच्या माणसाला सांगितल्यावर तो यादीतली तीन गावं स्वतःहून खोडेल, अशी माझी पैज आहे. फ्लॉरेन्सच्या पश्चिम टोकाला, आर्नो नदीच्या काठाने काश्चिने नावाची लांबलचक बाग आहे. तिच्या अगदी शेवटी, जिथे मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते, तिथे छत्रीखाली भारतीय पोशाखातला एक रंगीत अर्धपुतळा आहे. तो कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचा. राजाराम कॉलेजला ज्यांचं नाव आहे, तेच हे महाराज. १८७० मध्ये ते इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. त्या काळी समुद्र ओलांडणारे संस्थानिक विरळा. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते गेले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, आणि दहन हा प्रकार त्या शहराला नवा. खास परवानगी काढून दोन नद्यांच्या संगमावर, हिंदू रीतीप्रमाणे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये स्मारक उभं राहिलं. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, म्हणजे ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा उभारला तोच. जवळच्या मोठ्या पुलालाही या 'भारतीया'वरूनच नाव पडलं आहे. बागेच्या शहराकडच्या टोकापासून हे अंतर तीन किलोमीटरच्या आसपास आहे, तेव्हा गुडघे लक्षात घेऊन टॅक्सी करा. मंगळवारी सकाळी याच बागेत मोठा आठवडी बाजार भरतो. सूनबाईंना त्यात रस असेल तर दिवस तसा जुळवा.

पिसा-लुक्काचा दिवस बापलेकांना द्या. खरंच, दोघांनाच. सकाळी आगगाडीने पिसा, साधारण तासाभराचा प्रवास. तिथून लुक्का अर्धा तास, संध्याकाळी लुक्काहून फ्लॉरेन्स. यादीतली दोन नावं एका दिवसात, गाडीशिवाय. पिसाच्या कलत्या मनोऱ्यावर चढू नका. आतला जिना गोल, पायऱ्या संगमरवरी, झिजलेल्या, आणि तोल जातोय असं सतत वाटतं. खालून पाहा, फोटो काढा, आणि यजमानांना त्याची खरी गोष्ट सांगा. ११७३ मध्ये काम सुरू झालं, तिसऱ्या मजल्याच्या सुमारास मनोरा मऊ जमिनीत एका बाजूने खचू लागला. मग लढायांमुळे काम जवळजवळ शंभर वर्षं बंद पडलं, आणि त्या खोळंब्यात खालची माती दबून घट्ट झाली. काम वेळेत पूर्ण झालं असतं तर तो केव्हाच कोसळला असता. सरकारी बांधकाम पाहिलेल्या माणसाला यात बरंच समाधान मिळेल. १९९० मध्ये तो बंद केला, उंच बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढून किंचित सरळ केला आणि २००१ मध्ये पुन्हा उघडला.

लुक्का गुडघ्यांना मानवणारं गाव आहे. सपाट. भोवती चार किलोमीटरचा जुना तट अखंड आहे, आणि त्याच्या माथ्यावर झाडांच्या सावलीतला रुंद रस्ता. सायकली भाड्याने मिळतात, बसून पायडल मारायच्या चारचाकीही मिळतात. बापलेक त्या एका चारचाकीत बसले तर या सहलीचा एक प्रश्न कदाचित तिथेच सुटेल. लोकल गाडीचं कागदी तिकीट घेतलं तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारायला विसरू नका. खिशात तिकीट असूनही दंड होतो.

त्याच दिवशी तुम्ही उफीझीत.

शेताबद्दल आता. नाशिकच्या माणसाला द्राक्षाचा मळा दाखवायला इटलीला न्यायचं, यातला विनोद मला कळतो. पण मुलाची कल्पना वाटते तेवढी आळशी नाही. सिएनाच्या दक्षिणेचं ओर्चा नदीचं खोरं, वाल दोर्चा, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि तिथल्या एकट्यादुकट्या इमारतीसाठी नव्हे, तर शेतांसाठी. चौदाव्या-पंधराव्या शतकात सिएनाच्या सत्तेखाली हा प्रदेश ठरवून घडवला गेला: कुठे गहू, कुठे सुरूची रांग, कुठे घर. हे तुम्हाला चित्रातच पाहता येतं. सिएनाच्या नगरपालिकेच्या जुन्या वाड्यात आम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये एक भलंमोठं भित्तिचित्र काढलं, चांगला कारभार असला की शहराचं आणि शेतीचं काय होतं आणि वाईट असला की काय होतं, यावर. त्यातल्या चांगल्या बाजूच्या टेकड्या आणि तुमच्या शेतघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या टेकड्या यांत फारसा फरक नाही. (डागडुजीसाठी दालन बंद नाही ना, एवढं आधी तपासा.) म्हणजे शेतात बसणं हे तुमच्यासाठी चित्र बघणंच आहे. स्केचबुक न्या.

एक मात्र बजावते. कॅलेंडरवरच्या हिरव्यागार लाटा एप्रिल-मे महिन्यांतल्या असतात, सूर्यफुलं जून-जुलैची. सप्टेंबरअखेर शेतं नांगरलेली, तपकिरी. यजमान 'हे कसलं' म्हणतील. तुम्ही म्हणणार नाही. तुमच्या रंगपेटीतला बर्न्ट सिएना याच मुलखातल्या लोहयुक्त मातीचा. खोऱ्यातून दिसणाऱ्या अमियाता डोंगराच्या बाजूला ती खणली जायची, आणि भाजली की पिवळीची तांबूस व्हायची. शिवाय द्राक्षांची तोड तेव्हा चालू असते, ती यजमानांना बघू द्या. वाइन घेत नसाल तरी मळेवाल्याशी भाव, पाऊस आणि मजुरांवर बोलणं होऊ शकतं. नाशिकचा अनुभव गाठीशी आहेच.

शेतावरून गावं निवडताना चढ बघून निवडा. पिएन्झा लहान आणि बऱ्यापैकी सपाट आहे. दुसऱ्या पायस पोपने १४५९ पासून आपलं जन्मगाव पाडून-बांधून आदर्श शहर करायला घेतलं, ते हे. तटालगतच्या वाटेवरून सगळं खोरं दिसतं. माँतेपुल्चानो सुंदर असलं तरी चढाचं आहे, ते मुलगा-सुनेला जाऊ दे. बान्यो विन्योनी इथे गावच्या चौकाच्या जागी गरम पाण्याचं मोठं कुंड आहे. त्यात उतरता येत नाही, पण त्याचं पाणी खाली जुन्या गिरण्यांकडे ज्या ओघळांतून जातं, तिथे काठावर बसून पाय बुडवता येतात. गुडघेवाल्यांनी एक दुपार तिथे काढावी. सिएनाला गाडी तटाबाहेर लावा. काही वाहनतळांपासून वर गावात जायला सरकते जिने आहेत. कॅथीड्रलच्या संगमरवरी फरशीवरची जडावाची चित्रं एरवी बरीच झाकलेली असतात, पण उन्हाळ्याच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सहसा उघडी ठेवतात. संकल्पचित्र शिकवलेल्या बाईंनी ती चुकवू नयेत. सान जिमिन्यानो फ्लॉरेन्सहून शेताकडे जाताना वाटेत घ्या, दुपारी चारनंतर. बहात्तर मनोऱ्यांपैकी चौदा उरलेत, आणि टूरच्या बस गेल्यावर ते नीट दिसतात.

खाण्याची चिंता फार करू नका. टस्कनीचं घरगुती जेवण शिळा पाव, घेवड्याचे दाणे, पालेभाज्या आणि ऑलिव्ह तेल यांवर उभं आहे. पाप्पा अल पोमोदोरो हे टोमॅटोत शिजवलेल्या पावाचं, रिबोल्लिता हे काळ्या पालेभाजीचं आणि घेवड्याचं. पीची नावाच्या हाताने वळलेल्या जाड शेवया लसूण-टोमॅटोच्या रश्शात मिळतात. फक्त रिबोल्लिता मागवताना त्यात मांसाचं पाणी किंवा डुकराचा तुकडा नाही ना, हे विचारा. कट्टर शाकाहारी असाल तर तिथल्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा घटक) असतं हेही माहीत असू द्या. पिसा-लुक्काच्या बाजूला चेचिना मिळते: हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, भट्टीत भाजलेलं. बेसनाच्या जाड धिरड्याचं चुलत भावंडच. पाव अळणी असतो, हॉटेलवाला मीठ विसरलेला नसतो. दुपारची स्वयंपाकघरं अडीचच्या सुमारास बंद होतात आणि रात्री साडेसातच्या आधी उघडत नाहीत. औषधं जेवणाच्या वेळेवर असतील तर पिशवीत काहीतरी ठेवा. बिलात माणशी एक-दोन-तीन युरो 'कोपेर्तो' म्हणजे टेबलाशी बसण्याचा आकार लागतो, त्यावर यजमानांनी वाद घालू नये. नाशिकहून निघताना तूप, पेढे असले दुधाचे पदार्थ बॅगेत भरू नका, युरोपीय संघात ते बाहेरून आणायला मनाई आहे. चिवडा चालतो. शेतघरात स्वयंपाकघर असेल तर वरणभाताचाही प्रश्न मिटला.

ठरवायचं कसं? चौघांना एकत्र फोनवर घ्या आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारा, जी झाली नाही तर सहल फुकट गेली असं वाटेल. एकच. त्या चार गोष्टी आधी दिवसांवर मांडा, यादीतलं बाकीचं सगळं 'जमलं तर' या रकान्यात. तुमची पाळी आली की 'माझं काय, मला काहीही चालेल' असं म्हणायचं नाही. यजमान कुरकुरतील, करू देत. मुलगा गाडीवरून नाराज होईल. त्याला दंडाचं सांगा.

याच पेचात असलेल्या इतरांसाठी: दोन-तीनच रात्री असतील तर शेत सोडा, फ्लॉरेन्समध्येच राहा आणि एक दिवस बसने सिएनाला जा, बस थेट गावाजवळ सोडते, आगगाडी टेकडीखाली. पिसाच्या मनोऱ्यावर आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. ऑगस्टच्या मध्याला जाऊ नका, पंधरा तारखेच्या सणाच्या आसपास निम्मी दुकानं बंद असतात आणि ऊन मी म्हणतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, म्हणूनच त्या दिवशी तिथे फिरकू नका.

ताई, उफीझी आणि अकादेमिया दोन्ही सोमवारी बंद असतात, तेव्हा वार आधी बघा. तिकिटं संग्रहालयांच्या अधिकृत साइटवरूनच काढा, सकाळची पहिली वेळ घ्या. उफीझीत चढायला उंच जिना आहे. लिफ्ट आहे, पण दाराशी मागावी लागते. संख्या विचारली की आधी एक टाका. मग सूनबाईंना फोन करा, त्या येणार असतील तर दोन.